सायबर विम्याच्या फॉर्मवरचं ‘होय’

इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या मराठी कुटुंबाची किती माहिती महापालिकेकडे असते पाहा: संपत्ती कराचं खातं, नळाची जोडणी, जन्म-मृत्यूच्या नोंदी, विवाह नोंदणीचे कागद, मोबाइल नंबर. कार्ड चोरीला गेलं तर बँक नवं देते. जन्मतारीख फुटली की फुटलीच.

डिसेंबर 2023मध्ये मध्य प्रदेशाच्या ई-नगरपालिका पोर्टलवर सायबर हल्ला झाला आणि राज्यातल्या 413 नागरी संस्थांची ऑनलाइन कामं अडली. पोर्टल राज्याचं, खोळंबा मात्र गावोगावच्या खिडक्यांवर. अशा वेळी स्थानिक संस्थेची स्वतःची सायबर विम्याची पॉलिसी, म्हणजे अशा हल्ल्याचा खर्च भरून देणारा विमा, कामाला यायची, तर दुसऱ्याच्या सर्व्हरमुळे होणारं नुकसान तिच्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. काम बंद पडल्याची भरपाईही साधारण 8 ते 12 तास उलटल्यावरच मोजायला घेतात. त्यातून, थकलेला कर पुढे वसूल होतोच, म्हणून तो तोटा धरतीलच असं नाही. खरा पैसा जातो तो तपास, सर्व्हर पुन्हा उभे करणं, नागरिकांना कळवणं आणि वकील यांवर. घाईघाईत, विमा कंपनीला न विचारता तपासनीस नेमला तर त्याचं बिल बहुधा अडकतं.

कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात जे झालं ते तर प्रत्येक आयुक्तानं वाचायला हवं. फेब्रुवारी 2024मध्ये तिथल्या यंत्रणा रॅन्समवेअरनं, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरनं, बंद पाडल्या. खर्च सुमारे 1.83 कोटी कॅनडियन डॉलरवर गेला. विमा होता, तरी दावा फेटाळला गेला, कारण मल्टी-फॅक्टर ऑथेंटिकेशन, म्हणजे पासवर्डच्या जोडीला ओटीपीसारखी दुसरी खूण, सगळ्या विभागांत लागू झालेली नव्हती.

आपल्याकडे ही खूण निसटते ती झोन कार्यालयाच्या खिडकीवर. तीन ऑपरेटर आळीपाळीनं एकच लॉगिन वापरत असतील, तर ओटीपी एकाच्याच मोबाइलवर येतो. तो रजेवर गेला, बाहेर रांग वाढली, की कुणीतरी वरून ओटीपीच बंद करवून घेतो आणि तो पुन्हा सुरू करायचं राहून जातं. विम्याच्या फॉर्मवर, ही दुसरी खूण सगळीकडे लागू आहे का, या प्रश्नापुढे मात्र ‘होय’च असतं. उपाय सरळ आहे: प्रत्येकाला वेगळं लॉगिन, आणि मोबाइल वापरायचा नसेल तर यूएसबीची सुरक्षा चावी. कामावरून गेलेल्या माणसाचं लॉगिन त्याच दिवशी बंद.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली. हल्लेखोर आधी बॅकअपच शोधून पुसतात, म्हणून ही तिसरी प्रत. ती चालते की नाही हे दर तिमाहीला तपासावं: एका वॉर्डाचं कर-खातं रिकाम्या मशीनवर उभं करून जुन्या पावत्यांशी ताडून पाहावं.

घटना कळल्यापासून 6 तासांत सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, कळवणं आणि 180 दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रणेत कोण कधी शिरलं, काय केलं याच्या नोंदी, ठेवणं तिच्या एप्रिल 2022च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. लॉगच नसतील तर चोर पॉलिसीच्या आधी शिरला की नंतर, हे सिद्ध कशानं करणार? आणि सर्ट-इन, विमा कंपनी यांचे नंबर कागदावर छापून भिंतीला लावावेत. यंत्रणा बंद पडते त्या रात्री ईमेलही बंद असतो.