मुदतीआधी भाड्याचं घर सोडायचंय? लिव्ह अँड लायसन्स करार असा संपवा

महाराष्ट्रात राहतं घर भाड्यानं घेताना बहुतेकदा लिव्ह अँड लायसन्स करार होतो. तो मुदतीआधी संपवायला कुठल्या कार्यालयाची परवानगी लागत नाही, ठरावीक सरकारी अर्जही नाही. सामान हलवलं म्हणजे करार संपला, असा अनेकांचा समज असतो. पण ताबा परत दिल्याची लेखी नोंद होईपर्यंत भाड्याचा दावा चालूच राहतो. त्यामुळे खरं काम कागदांचं आहे.

आधी करारातली दोन कलमं वाचा: नोटीस (घर सोडण्याआधी किती दिवस कळवायचं) आणि लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही). नोटिशीची सवलत दोघांना आहे की फक्त मालकाला? मुदत नोटिशीच्या तारखेपासून मोजायची की ती मिळाल्यापासून? या एका शब्दावरून आठवडाभराच्या भाड्याचा वाद होतो. नोटिशीचं कलमच नसेल, तर मालकाच्या संमतीनं दोघांच्या सह्यांचा लेखी समझोता करणं हा सुरक्षित मार्ग.

लॉक-इन चालू असेल तर मालक उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं मागतो. पण भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते, हमखास मिळणारा आकडा नव्हे. घर पंधरा दिवसांत दुसऱ्याला दिलं गेलं, तर सहा महिन्यांचं नुकसान दाखवणं मालकाला अवघड जातं. मात्र अनामत रक्कम त्याच्या हातात असते, म्हणून कायद्यावर बोट ठेवण्याआधी बोलणी करा. एक महिन्याचं भाडं सोडून सुटका होत असेल तर सौदा वाईट नाही.

करार नोंदवलेलाच नसेल तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि लेखी नोंदणीकृत करार नसताना अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.

हाताशी ठेवायचे कागद: नोंदणीकृत कराराची प्रत, इंडेक्स २ (नोंदणी कार्यालयातला कराराच्या नोंदीचा उतारा), अनामत दिल्याची बँक नोंद, भाडं भरल्याच्या नोंदी, घरात येतानाचे फोटो आणि फर्निचरची यादी.

नोटीस चार ओळींची पुरते: "दि. … रोजी नोंदवलेल्या कराराच्या कलम … नुसार मी/आम्ही हा परवाना दि. … पासून संपवत आहोत. त्या दिवशी घराचा रिकामा ताबा व किल्ल्या देऊ. अनामत रक्कम रु. … त्याच वेळी परत करावी." करारात भाडेकरू दोघं असतील तर दोघांच्या सह्या हव्यात. पत्ता करारातलाच टाका. मालकाच्या वतीनं कुलमुखत्यारानं (मालकानं लेखी अधिकार दिलेल्या माणसानं) सही केली असेल तर मालक आणि तो, दोघांनाही पाठवा. पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा, आणि करारात ईमेल दिला असेल तर तिथंही. व्हॉट्सॲपवरचं "ओके" उपयोगी पडू शकतं, पण त्या एकट्यावर विसंबू नका.

शेवटचे दोन महिने भाडं न भरता "अनामतीतून कापा" म्हणायची पद्धत सर्रास आहे. बहुतेक करारांत तिला मनाई असते, आणि मग कराराचा भंग तुमच्याच नावावर लागतो.

भाडं महिन्याला ५०,००० रुपयांहून जास्त असेल तर व्यक्ती म्हणून २ टक्के टीडीएस, म्हणजे मालकाच्या नावचा आयकर, भाड्यातून कापून सरकारकडे भरायचा असतो. आर्थिक वर्षाच्या मध्येच घर सोडलं तर तो शेवटच्या महिन्याच्या भाड्यातून कापावा लागतो, मार्चपर्यंत थांबता येत नाही. हे हमखास विसरलं जातं.

ताबा देताना मालकासोबत प्रत्येक खोली फिरा. वीज मीटरचं रीडिंग तारखेसह फोटोत घ्या, पाइप गॅसचंही. भिंतीवरचा खिळा, फिकट झालेला रंग ही नैसर्गिक झीज. फुटलेलं बेसिन नव्हे. रंगकामाची रक्कम करारात लिहिली असेल तर तेवढीच कापली जाते, बाकी कपातीसाठी बिल मागा. मग दोन प्रतींत ताबा पावती करा: तारीख, किल्ल्यांची संख्या, रीडिंग, कपात, अनामत परत दिल्याचा व्यवहार क्रमांक आणि "एकमेकांकडे काही येणं नाही" हे वाक्य. अनामत अजून मिळाली नसेल तर ते वाक्य लिहू नका, किती रक्कम कधी मिळणार ते लिहा. सोसायटीला घर सोडल्याचं पत्र द्या, सामान बाहेर काढताना गेटवर तेच मागतात.

मालक किल्ल्या घ्यायलाच तयार नसेल, तर ताबा द्यायला हजर असल्याचं लेखी कळवा. तारीख, वेळ त्यात असू द्या. अनामत अडली तर आधी वकिलाची नोटीस, मग दिवाणी दावा. त्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची. वाद दिवाणी असल्यानं पोलीस ठाण्यातून सहसा परत पाठवतात.