इंग्लंडमध्ये घरी ऑक्सिजन हवा असेल तर: 'हूफ' अर्ज, निकष आणि कागदपत्रं

इंग्लंडमध्ये एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, घरी ऑक्सिजन मोफत देते. ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राच्या विजेचा खर्चही पुरवठादार कंपनी परत करते. मात्र अर्ज रुग्णाने किंवा घरच्यांनी करायचा नसतो. 'होम ऑक्सिजन ऑर्डर फॉर्म', म्हणजे बोलण्यातला 'हूफ', डॉक्टर किंवा श्वसनविकाराची स्पेशालिस्ट नर्स भरते.

नुसती धाप लागते म्हणून ऑक्सिजन मिळत नाही. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार असलेल्या रुग्णाचं सॅच्युरेशन (बोटाला चिमटा लावून मोजतात ते रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) बसल्या जागी ९२ टक्के किंवा कमी असेल तर तपासणीला पाठवतात. निर्णय होतो एबीजीवर, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू मोजणाऱ्या तपासणीवर. ऑक्सिजनचा दाब ७.३ किलोपास्कल किंवा त्याखाली हवा. पायांवर सूज, फुप्फुसातला वाढलेला रक्तदाब किंवा ५५ टक्क्यांपासून पुढे हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) असेल तर ८ पर्यंत चालतो. महाराष्ट्रात शिकून तिकडे गेलेल्या नर्सनी एकक आधी बघावं: ७.३ म्हणजे आपल्याकडचे ५५ मिमी पारा.

सगळ्यात जास्त चुकते ती वेळ. आजार उसळून गेल्यावर साधारण ८ आठवडे थांबून, किमान ३ आठवड्यांच्या अंतराने दोनदा एबीजी घ्यायचा असतो. डिस्चार्जच्या घाईतलं माप फसवं निघतं, कारण पुढे बऱ्याच जणांचा ऑक्सिजन आपोआप सुधारतो. आणि एकदा घरात आलेलं यंत्र परत द्यायला कुणाचं मन होत नाही!

प्रवाह मिनिटाला १ लिटरपासून सुरू करून सॅच्युरेशन ९० च्या वर जाईपर्यंत वाढवतात, मग पुन्हा एबीजी. कार्बन डायऑक्साइड १ किलोपास्कलपेक्षा जास्त चढला तर तोच प्रवाह लिहून मोकळं होता येत नाही. वापर दिवसाला किमान १५ तास.

कागद तीन: हूफ, रुग्णाचं संमतिपत्र आणि 'आयहॉर्म', म्हणजे आगीसारखे धोके तपासण्याचा फॉर्म. शेवटच्या दोघांशिवाय हूफ पाठवू नये. हूफचा 'अ' भाग स्पेशालिस्ट तपासणीआधीच्या तात्पुरत्या सोयीसाठी, 'ब' भाग तपासणीनंतर स्पेशालिस्ट टीमने भरायचा. पुरवठा एरवी ३ कामाच्या दिवसांत, तातडीचा ४ तासांत.

आयहॉर्ममध्ये सिगारेट आणि ई-सिगारेट विचारतात, घरातल्या इतरांचीही. मराठी घरात नर्सने देवघराचंही विचारावं. समई, निरांजन, उदबत्ती नळीपासून लांबच हवी, आणि नाकाला व्हॅसलिन नको.

यंत्र आल्यावर ३ महिन्यांनी पुन्हा एबीजी होतो. गरज उरली नसेल तर ऑक्सिजन बंद करतात. भारतवारीला हूफ चालत नाही. विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म आणि भारतातला ऑक्सिजन, दोन्हींची सोय आपली आपण, तिकीट काढण्याआधी.