द्राक्षबागेतलं औषध आणि पोटातले जंत

निफाड-पिंपळगावच्या द्राक्षबागांत फुलकिडे दिसले की एमामेक्टिन फवारलं जातं. शेळ्या-मेंढ्यांना जंत झाले की डॉक्टर आयव्हरमेक्टिन देतात. दोन्ही औषधं एकाच घराण्यातली, आणि घराण्याचं मूळ जपानच्या मातीत आहे.

टोकियोच्या कितासातो संस्थेतले सातोशी ओमुरा ठिकठिकाणची माती आणून तिच्यातले जिवाणू वाढवत. कावाना इथल्या गोल्फ मैदानाजवळच्या मातीतला स्ट्रेप्टोमायसिस गटातला एक जिवाणू त्यांनी अमेरिकेत मर्क कंपनीकडे पाठवला. तिथे विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने जंत झालेल्या उंदरांवर त्याची चाचणी घेतली. उंदरांचे जंत गेले. त्यातूनच पुढे आयव्हरमेक्टिन आलं: १९८१ साली जनावरांसाठी, १९८७ साली माणसांसाठी. दोघांना २०१५ चं नोबेलही मिळालं. हे औषध जंताच्या मज्जातंतूंतल्या आणि स्नायूंतल्या क्लोराइडच्या वाहिन्या (पेशीत क्लोराइड आत सोडणारी दारं) उघड्याच ठेवतं, त्यामुळे जंत लुळा पडतो. नेमक्या तशा वाहिन्या आपल्या शरीरात नसतात. (शाळेत देतात ती जंताची गोळी, अल्बेंडाझोल, मात्र रसायनशास्त्रज्ञांनी घडवलेली.)

मग नवं औषध कशाला शोधायचं? एक तर मेंढ्यांतले जंत आयव्हरमेक्टिनला दाद देईनासे झालेत. दुसरं, आफ्रिकेत अंधत्व आणणाऱ्या ऑन्कोसर्का जंताची पिल्लं या औषधाने मरतात, पण मोठे जंत दहा-पंधरा वर्षं जगतात. म्हणून डोस पुन्हापुन्हा द्यावे लागतात.

इथे मला सगळ्यात हुशारीची वाटते ती आडवाट. ऑन्कोसर्का आणि हत्तीरोगाचे जंत यांच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात, आणि त्यांच्याशिवाय जंताचं चालत नाही. जंताला हात न लावता हे जिवाणू मारले, की मादी आधी वांझ होते, मग हळूहळू मरते. डॉक्सिसायक्लिन हे नेहमीचं अँटिबायोटिक हेच करतं. त्याचं मूळही मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसमध्येच आहे. अडचण एवढीच, की ते चार ते सहा आठवडे रोज घ्यावं लागतं, आणि गरोदर बायकांना किंवा लहान मुलांना देता येत नाही. ज्या गावांत हा रोग आहे, तिथे हा नियम पाळून घेणं कठीणच.

म्हणून जर्मनीत बॉन इथले संशोधक वोल्बाकिया मारणाऱ्या कोरॅलोपायरोनिन या नैसर्गिक अँटिबायोटिकच्या मागे आहेत. मातीतलाच, पण वेगळ्या कुळातला मिक्सोबॅक्टेरिया गटातला जिवाणू ते बनवतो. मूळ जिवाणूकडून ते फारच थोडं मिळतं, म्हणून त्याची जनुकं दुसऱ्या, वाढवायला सोप्या जिवाणूत घालून उत्पादन वाढवण्यात आलं.