कमी पळालेली गाडी आणि जपलेली गाडी

जुन्या स्पोर्ट्स किंवा लक्झरी गाडीची जाहिरात उघडली की डोळे आधी मीटरवर जातात. वीस-बावीस वर्षांची गाडी आणि फक्त ४१,००० किलोमीटर! मन लगेच पुढचं वाक्य स्वतःच जोडतं: म्हणजे गाडी जपलेली असणार. गफलत होते ती इथे. कमी पळालेली असणं ही एक गोष्ट, जपलेली असणं ही दुसरी. दोन्ही एकाच गाडीत भेटल्या तर नशीबच. पण अनेकदा विकणारा पहिलीचे पैसे मागतो आणि घेणारा दुसरीही मिळाली असं समजून ते देतो.

गाडी किती पळाली हे एका नजरेत कळतं. ती जपली आहे का, हे बिलं, रबर, तेल आणि आवाज यांच्याकडून काढून घ्यावं लागतं आणि त्यात अख्खी सकाळ जाते. घाईतला माणूस आकड्यावर विसंबतो यात नवल नाही.

मुळात गाडी दोन कारणांनी म्हातारी होते. पळून पळून क्लच झिजतो, पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंगं झिजतात, सस्पेन्शनचे जॉइंट ढिले होतात, ड्रायव्हरच्या सीटची कड फाटते. आणि नुसत्या वयानं रबर कडक होतं, सील आकसतात, वायरींवरचं आवरण ठिसूळ होतं, ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरतं. मीटर मोजतं ते फक्त पहिलं. साध्या, छोट्या गाडीत वयानं बिघडणाऱ्या गोष्टी हाताशी असतात आणि स्वस्तात बदलता येतात, म्हणून तिथे मीटरवर भागतं. महागड्या गाडीत त्याच गोष्टी संख्येनं जास्त, किमतीनं मोठ्या आणि आत खोल दडलेल्या असतात.

फेरारी एफ३५५ घ्या. १९९४ ते १९९९ या काळात बनलेली ही गाडी आजही बघताक्षणी वेड लावते. तिचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा, नीट बदलायचा तर इंजिन खाली उतरवावं लागतं. बेल्ट रबराचा असल्यामुळे त्याची मुदत किलोमीटरपेक्षा वर्षांत धरतात, सहसा तीन ते पाच वर्षं. गाडी वर्षाला ५०० किलोमीटर पळो की ५,०००, हे काम चुकत नाही. सहा वर्षं बेल्टला हात न लागलेली, जेमतेम पळालेली ३५५ घेतलीत तर गाडीसोबत ते कामही विकत घेतलंत. त्यानंतर आलेल्या ३६० मोडेना या गाडीत सीटांच्या मागून बेल्टपर्यंत पोचता येतं, आणि त्यापुढच्या एफ४३० ला बेल्टच नाही, चेन आहे. एकाच घराण्यातल्या, पाठोपाठ आलेल्या तीन गाड्या. पण तिन्हींच्या मीटरवर सारखाच आकडा असला तरी त्याचे अर्थ तीन वेगवेगळे होतात. त्या काळातल्या फेरारींच्या आतली बटणंही दाबून बघा. त्यांच्यावरचा मऊ थर वयानं चिकट होतो, बोटाला लागतो. गाडी झाकून ठेवली म्हणून ते टळत नाही.

मर्सिडीजच्या डब्ल्यू१२४ चं नाव टिकाऊपणासाठी आजही घेतलं जातं, आणि ते खरंच आहे. पण १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या बऱ्याच गाड्यांत इंजिनच्या वायरिंगचं आवरण असं निघालं की उष्णतेनं आणि वयानं ते कडक होऊन बिस्किटासारखं चुरतं. तारा उघड्या पडल्या की इंजिन अडखळायला लागतं, कधी महागडी इलेक्ट्रॉनिक युनिटंही जातात. तीन लाख किलोमीटर पळालेली आणि वायरिंग बदलल्याचं बिल असलेली १२४ मी साठ हजार पळालेल्या, जुनंच वायरिंग असलेल्या १२४ च्या आधी बघायला जाईन. डब्ल्यू२२० एस-क्लासच्या एअर सस्पेन्शनचंही तसंच. हवेच्या रबरी पिशव्यांना तडे जातात आणि रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते.

टायरबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तिथे प्रश्न पैशांपुरता राहत नाही. टायरच्या कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१२ म्हणजे २०१२ सालचा पस्तिसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, त्यावर गाडी हलवूही नका. नक्षी नव्यासारखी खोल असते आणि रबर आतून वाळलेलं असतं, त्यामुळे डोळा हमखास फसतो. २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात गेला, तिच्या तपासात मुख्य कारण अतिवेग हेच ठरलं. पण टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यांचाही परिणाम झाला असू शकतो, याची नोंद अधिकाऱ्यांनी केली. 'टायरसुद्धा कंपनीचेच, पहिलेच आहेत' असं कुणी अभिमानानं सांगितलं की मला धडकीच भरते.

उभ्या गाडीचं नुकसान नुसतं वयाचंही नसतं. तिचं उभं राहणंच तिला बाधतं. एसीचं गॅससोबत फिरणारं तेल सीलना ओलावा देतं. एसी महिनोन्महिने लागला नाही की सील सुकतात आणि गॅस निघून जातो. ब्रेकचे कॅलिपर अडकतात. टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन इंजेक्टर चोंदतात. आणि ज्या गाड्या 'कमी पळाल्या' त्यांतल्या कित्येक उभ्याही नव्हत्या, त्या रोज तीन-चार किलोमीटर जाऊन परत येत होत्या. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. अशा वापरात पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं, सायलेन्सर आतून गंजतो. वर्षाचे हजार किलोमीटर असे झालेले असतील तर त्यापेक्षा हायवेवर झालेले पंधरा हजार इंजिनाला कितीतरी जास्त सोसतात.

आता दुसऱ्या टोकाकडे बघू. १९६६ ची एक व्होल्वो पी१८०० तिच्या अमेरिकन मालकानं, अर्व्ह गॉर्डन यांनी, २०१३ मध्ये ३० लाख मैलांपर्यंत नेली. म्हणजे ४८ लाख किलोमीटर. १९९६ ची एक लेक्सस एलएस४०० २०१९ मध्ये दहा लाख मैलांवर पोचली. या गाड्या वापरून वापरूनच टिकल्या. ऑइल वेळेवर बदललं, छोटा आवाज आला तेव्हाच गाडी उघडून बघितली. रोज चालवणाऱ्याला गाडीतला बदल लगेच जाणवतो. दिवाळी-दसऱ्याला चालवणाऱ्याला तो कळतच नाही.

पण म्हणून खूप पळालेली गाडी जपलेलीच असते असं उलटं समीकरण मांडू नका. काही गाड्यांत किलोमीटरला खरोखर वजन आहे. बीएमडब्ल्यू ई४६ एम३ चं ३.२ लिटरचं इंजिन ८,००० आरपीएमपर्यंत धावतं, आणि त्याची बिग एंड बेअरिंगं (पिस्टनचा दांडा क्रँकशाफ्टला जिथे जोडतो तिथली) झिजणारी वस्तू समजूनच चालावं लागतं. सुरुवातीच्या गाड्यांची बेअरिंगं खुद्द कंपनीनं मोहीम काढून बदलून दिली होती. मागच्या सबफ्रेमच्या, म्हणजे मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या सांगाड्याच्या, जागी पत्र्याला तडे जाणं हेही या गाडीचं प्रसिद्ध दुखणं. इथे जास्त पळालेली, बेअरिंगं बदललेली आणि पत्रा मजबूत करून घेतलेली एम३ चालेल. तितकीच पळालेली आणि 'एकदम टकाटक, काही करायलाच लागलं नाही' म्हणून दाखवलेली एम३ मी सोडून देईन. 'काही करायलाच लागलं नाही' याचा अर्थ या गाड्यांत साधारणपणे 'काही केलंच नाही' असा असतो.

शिवाय मीटरवरचा आकडा खरा आहे का, हा प्रश्न उरतोच. डिजिटल मीटर मागे फिरवायला फार वेळ लागत नाही. पण गाडी तेच किलोमीटर आणखी कुठे कुठे लिहून ठेवते. ई४६ सारख्या बीएमडब्ल्यूंत लाइट मॉड्यूलमध्येही नोंद असते, आणि दोन्ही जुळलं नाही तर मीटरच्या पडद्यावर एक ठिपका उजळतो. पोर्शे तर इंजिन एकूण किती तास चाललं तेच मोजते. हे तास आपल्याला काय काय सांगतात त्याचा हिशोब एकदा करून बघण्यासारखा आहे.

समजा दोन पोर्शे ९९६ कॅरेरा शेजारी उभ्या आहेत. पहिलीचं मीटर ४१,००० किलोमीटर, दुसरीचं १,४८,०००. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावला. पहिलीच्या इंजिनाचे तास निघाले १,६४०, दुसरीचे २,९६०. भागाकार करा. पहिली सरासरी ताशी २५ किलोमीटरनं चालली आहे, दुसरी ५० नं. पहिलीचं मीटर मागे केलेलं नसेल, तर तिनं आपलं बरंचसं आयुष्य ट्रॅफिकमध्ये घुरघुरत किंवा थंड इंजिनावर छोट्या फेऱ्या मारत काढलं आहे. आणि मोठी गोष्ट पुढेच आहे: मीटरच्या हिशोबानं ती दुसरीच्या पाव हिश्शाहून थोडी जास्त वापरलेली दिसते, तासांच्या हिशोबानं निम्म्याहून जास्त. त्याच स्कॅनरमध्ये इंजिन मर्यादेबाहेर फिरवल्याच्या नोंदीही असतात, त्याही वाचून घ्या.

मग खाली वाका. पहिलीचे टायर अकरा वर्षांचे, दुसरीचे दोन. पहिलीचा कूलंटचा होज चिमटीत दाबला तर कडक लागतो, दुसरीचा दबतो आणि परत फुगतो. पहिलीची फाईल पातळ: एक ऑइलचं बिल, एक पॉलिशचं. दुसरीत क्लचचं बिल आहे, वॉटर पंपाचं आहे, आणि क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवला तेव्हाच आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं) बदलल्याचंही आहे. या पिढीच्या साध्या कॅरेरात हे बेअरिंग गेलं तर इंजिनच जातं, आणि कमी पळालेल्या गाड्यांतही ते गेलेलं आहे. (९९६ टर्बो आणि जीटी३ चं इंजिन वेगळं, त्यांना ही काळजी नाही.) चालवायला घ्यायची असेल तर मी दुसरीच घेईन, आणि पहिलीला तिच्या मालकानं लावलेल्या किमतीत हातही लावणार नाही.

मग कमी किलोमीटरला मोल नाहीच का? आहे, पण ते दुर्मीळतेचं मोल आहे. १९९५ ची एक मॅकलॅरेन एफ१ ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात २ कोटी डॉलरच्या वर गेली. ती जेमतेम ३९० किलोमीटर पळाली होती. घेणाऱ्यानं न उघडलेलं पाकीट घेतलं, आणि अशा गाडीत ते रास्तच आहे, कारण मुळात १०६ बनलेल्या एफ१ मध्ये अशा अवस्थेतली दुसरी शोधायची कुठे? पण हजारोंनी बनलेल्या, चालवण्यासाठीच घ्यायच्या गाडीला हाच न्याय लावून जास्त पैसे मोजणं म्हणजे दुहेरी तोटा. आधी कमी किलोमीटरची वाढीव किंमत द्यायची, मग वयानं आलेली कामं करायची. आणि त्यानंतर चालवलेल्या प्रत्येक किलोमीटरला ती वाढीव किंमत विरघळत जाणार. शेवटी मालक गाडी बाहेर काढायलाच घाबरतो. इतकी सुंदर यंत्रं कव्हरखाली बघताना मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून किंमत ठरवताना माझा हिशोब असा असतो: त्या मॉडेलची, सगळी कामं झालेली, चांगली चालती गाडी कितीला जाते, ते आधी धरायचं. मग समोरच्या गाडीत राहिलेलं प्रत्येक काम त्या मॉडेलच्या जाणकार मेकॅनिककडून लिहून घ्यायचं आणि वजा करायचं. बेल्ट, टायर, होज, सस्पेन्शनचे बुश, ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल क्षुल्लक वाटतं, पण त्यातल्या डॉट ४ या प्रकाराचा उकळबिंदू नवं असताना किमान २३०, तर पाणी मुरल्यावर १५५ अंशांपर्यंत येऊ शकतो, म्हणून बऱ्याच कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. ते तरी वेळेवर बदललंय का, यावरून मालकाची सवय कळते. क्लासिक गाड्यांच्या किमती छापणारी हॅगर्टीही आधी अवस्थेच्या चार पायऱ्या लावते. ही वजाबाकी झाल्यावर किलोमीटर कमी असतील तर थोडं वर जायला माझी हरकत नाही.

गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की आम्ही यायच्या आधी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड इंजिनाचा पहिला आवाज तुम्हाला ऐकू द्यायचा नव्हता, किंवा सकाळी ती नीट सुरूच होत नाही. गार असेल तर किल्ली फिरवा आणि पहिली दोन मिनिटं कुणाशी न बोलता नुसतं ऐका. मग फाईल मागा आणि बिलांच्या रकमांआधी तारखा वाचा. २०११ नंतरचं पुढचं बिल थेट २०१७ चं निघालं, तर एवढंच विचारा: या सहा वर्षांत गाडी कुठे होती? जपणाऱ्या मालकाकडे याचं साधं, सरळ उत्तर असतं. परदेशी होतो, भावाच्या गॅरेजमध्ये होती, परत आल्यावर हे हे बदललं, ही त्याची बिलं. दुसरा मालक पुन्हा मीटरकडे बोट दाखवतो.