सीडी४च्या नळीत उरलेलं रक्त

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी प्रयोगशाळांत २०१६मध्ये एक छोटा नियम देशभर लागू झाला. एचआयव्हीबाधित माणसाचं रक्त सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांना संपवतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) मोजायला आलं आणि आकडा १००च्या खाली निघाला, की जांभळ्या टोपणाच्या त्याच नळीत उरलेल्या रक्तावर आणखी एक तपासणी परस्पर होते. डॉक्टरांनी वेगळी चिठ्ठी लिहायची नाही, रुग्णाने पुन्हा हात पुढे करायचा नाही. शोध असतो क्रिप्टोकॉकस या बुरशीचा. इतक्या साध्या नियमापर्यंत पोचायला मात्र एड्सची पहिली नोंद झाल्यापासून पस्तीस वर्षं गेली.

बुरशी स्वतः नवी नव्हे. १८९४-९५च्या सुमारास जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डमध्ये ओटो बुसे आणि अब्राहम बुश्के यांना ती एका तरुण बाईच्या नडगीच्या हाडात सापडली. त्याच काळात इटलीत सानफेलिचे यांनी ती पीच फळाच्या रसातून वेगळी केली. १९५०च्या दशकात अमेरिकेत चेस्टर एमन्स यांनी तिचा ठिकाणा मातीत आणि कबुतरांच्या विष्ठेत शोधून काढला. दादरच्या कबुतरखान्यावरून वाद घालणाऱ्यांना हे नाव एव्हाना ऐकून माहीत असेल. धडधाकट माणसाच्या फुप्फुसात ती श्वासावाटे गेली तरी शरीर तिला गप्प बसवतं. पण सीडी४ पेशी संपत आल्या की ती रक्तात उतरते, तिथून मेंदूच्या आवरणांपर्यंत जाते आणि मेनिंजायटिस होतो. एचआयव्हीपूर्वी हा आजार दुर्मीळ म्हणून पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यात पडून होता.

एड्सची पहिली बातमीही खरं तर बुरशीचीच होती. जून १९८१मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया झाल्याचं छापून आलं. तेव्हा न्यूमोसिस्टिसला एकपेशीय परजीवी समजत. ती बुरशी असल्याचं १९८८मध्ये तिच्या आरएनएवरून कळलं.

आफ्रिकेतल्या वॉर्डांत क्रिप्टोकॉकसचा रुग्ण यायचा तो बहुधा उशिरा. आठ-पंधरा दिवसांची न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, मग दिसायला अंधुक, मग भ्रम. पाठीतून पाणी काढायचं, काचपट्टीवर त्या थेंबात काळी शाई मिसळायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. काळ्या पार्श्वभूमीवर गोल पेशी आणि भोवती स्वच्छ पांढरं वलय दिसलं की निदान पक्कं. हे वलय म्हणजे बुरशीचं साखरेच्या रेणूंचं जाड कवच. त्याचेच तुकडे सुटून रक्तात तरंगतात, आणि पुढची सगळी कहाणी या तुकड्यांवर उभी आहे.

औषधं होती, पण हाताशी नव्हती. अँफोटेरिसिन शिरेतून द्यावं लागतं, हुडहुडी भरते, मूत्रपिंडं बिघडतात. फ्लुसायटोसिन आफ्रिकेत जवळपास मिळतच नसे. उरलं फ्लुकोनाझोल: गोळीने घेता येणारं, पण पेटंटच्या किमतीचं. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीच्या औषधांसाठी लढणाऱ्या ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेनने यावर थेट कायदेभंग केला. या संघटनेचे कार्यकर्ते ख्रिस्तोफर मोराका २००० साली बुरशीच्याच संसर्गाने दगावले होते. मोहिमेला त्यांचं नाव दिलं गेलं. ऑक्टोबरमध्ये संघटनेचे नेते झॅकी अखमत थायलंडहून फ्लुकोनाझोलच्या पाच हजार जेनेरिक कॅप्सूल घेऊन उघडपणे देशात परतले. तिकडे एका कॅप्सूलला दोन रँडही पडत नव्हते. दक्षिण आफ्रिकेच्या खासगी बाजारात तीच कॅप्सूल ऐंशीच्या घरात होती. वर्ष संपता संपता फायझरने सरकारी दवाखान्यांना हे औषध फुकट देण्याचा करार केला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००१मध्ये, मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीची तिहेरी औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि आफ्रिकेत एआरटीचं, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या या उपचारांचं, दार किलकिलं झालं.

इथेच एक पेच पुढे आला. एआरटी सुरू झाली तरी अनेक रुग्ण पहिल्या काही महिन्यांतच जात होते. प्रतिकारशक्ती सावरू लागली की दडलेल्या बुरशीवर ती तुटून पडते आणि मेंदूतली सूज उलट वाढते. म्हणजे एआरटीच्या आधीच बुरशी कोणाच्या अंगात आहे हे कळायला हवं होतं.

कळण्यासारखं होतंही. युगांडातल्या एका अभ्यासात (२००२) साठवून ठेवलेलं जुनं रक्त पुन्हा तपासलं गेलं. निम्म्या रुग्णांत कवचाचे तुकडे, म्हणजे अँटिजेन, डोकं दुखायला लागायच्या २२ किंवा त्याहून जास्त दिवस आधीच रक्तात होते. २००९मध्ये केपटाउनमधून सातशेवर रुग्णांचा अभ्यास आला: एआरटीआधी ज्यांच्या रक्तात अँटिजेन नव्हतं, त्यांच्यापैकी एकालाही पहिल्या वर्षात हा मेनिंजायटिस झाला नाही. पुढच्या वर्षी कंपालाहून आलेली नोंद जास्त बोचरी होती. लक्षणं नसलेल्या, पण अँटिजेन सापडलेल्या २१ जणांना फ्लुकोनाझोल मिळालं, त्यांतले बहुतेक जगले. पाच जणांना ते मिळालं नाही. पाचही दोन महिन्यांत गेले. आकडे लहान आहेत, पण मला वाटतं या विषयातली सगळ्यात मोठी ओळ हीच.

अँटिजेनची तपासणी तोवर लॅटेक्स (रबराच्या सूक्ष्म मण्यांच्या) पद्धतीची होती. ती १९६०च्या दशकापासून उपलब्ध होती, पण तिला फ्रिज लागे, सराव झालेला हात लागे. २०११मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या इम्मी कंपनीची पट्टी आली. गरोदरपणाच्या चाचणीसारखीच समजा: छोट्या नळीत द्रावणाचा थेंब, त्यात रक्तद्रवाचा थेंब, पट्टी उभी करायची आणि दहा मिनिटं थांबायचं. एक रेघ उमटली तर नाही, दोन उमटल्या तर आहे. किंमत तेव्हा दोन-तीन डॉलर, फ्रिजची गरज नाही. त्याच वर्षी डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने सीडी४ १००च्या खाली असलेल्यांची अशी तपासणी करण्याचा सल्ला दिला. २०१८मध्ये ही मर्यादा, शक्य असेल तिथे, २००पर्यंत वाढवली गेली.

सल्ला निघाला म्हणून काम होत नाही. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना चिठ्ठी लिहायची आठवण राहत नाही, रुग्ण पुढच्या तारखेला येत नाही. म्हणून दक्षिण आफ्रिकेने आठवणीचं ओझं डॉक्टरांवरून काढून प्रयोगशाळेवर टाकलं. त्यांची खरी हुशारी मला इथे दिसते.

दोन रेघा उमटल्यावरचा रस्ताही सोपा नाही. पाठीतलं पाणी काढून बुरशी मेंदूत पोचली की नाही ते बघायला हवं, पण ‘डोकं दुखत नाही, मग पाठीत सुई कशाला?’ असं रुग्ण विचारतो आणि नकार देतो. पाणी काढल्याने पाय लुळे पडतात ही भीती आपल्याकडेही घरोघरी आहे. मेंदू स्वच्छ निघाला तर दोन आठवडे रोज ८०० मिलिग्रॅम फ्लुकोनाझोल, पुढे कमी मात्रा. हे सगळं करूनही अशा रुग्णांत मृत्यू इतरांपेक्षा जास्तच राहतात.

यात किती हाती लागतं? दार-ए-सलाम आणि लुसाका इथे सुमारे दोन हजार जणांवर झालेल्या चाचणीत (२०१५) अँटिजेन तपासणी आणि सुरुवातीचे काही आठवडे घरी जाऊन घेतलेली दखल, या दोन्ही मिळून मृत्यू २८ टक्क्यांनी घटले. तपासणीचा वाटा किती आणि घरभेटींचा किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

बुरशी एकच नाही. लॅटिन अमेरिकेत हिस्टोप्लाझ्मा आहे. आग्नेय आशियात टॅलॅरोमायसीस आहे, १९५०च्या दशकात व्हिएतनाममध्ये बांबू खाणाऱ्या उंदरात पहिल्यांदा सापडलेली. आपल्या मणिपुरातही ती आहे. त्यांच्या तपासण्या अजून क्रिप्टोकॉकसइतक्या स्वस्त आणि सुटसुटीत झालेल्या नाहीत.

भारतात एचआयव्ही १९८६मध्ये चेन्नईत सापडला. सरकारी एआरटी एप्रिल २००४मध्ये ज्या मोजक्या रुग्णालयांत सुरू झाली, त्यांत मुंबईचं जे. जे. होतं. तेव्हा सीडी४चा आकडा हेच औषधाचं मुख्य प्रवेशपत्र होतं. २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आकडा न बघता सगळ्यांनाच एआरटी द्यायला सांगितलं, भारतानेही २०१७मध्ये तेच केलं. निर्णय योग्यच. पण त्यामुळे जगभर बऱ्याच ठिकाणी सीडी४ मोजणं मागे पडलं, आणि ज्या नळीतलं उरलेलं रक्त तपासायचं ती नळीच यायची थांबली. सीडी४ कमी झालेला रुग्ण नुसता बघून ओळखता येतो म्हणावं, तर तेही नाही: आफ्रिकेतल्या चार देशांत सीडी४ १००च्या खाली असलेल्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांतले जवळजवळ निम्मे वरकरणी आजाराच्या पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले, चालते-फिरते होते. आता सीडी४साठीही पट्टी निघाली आहे. ती नेमका आकडा देत नाही. चाळीस मिनिटांत २००च्या वर की खाली, एवढंच सांगते. यंत्र नसलेल्या केंद्रात बुरशीची पट्टी कोणासाठी उघडायची, हे ठरवायला तेवढं पुरतं.