न्यूयॉर्क शहराच्या कंत्राटांसाठी एमडब्ल्यूबीई प्रमाणपत्र : अर्जाआधी काय तपासाल

न्यूयॉर्क शहराची खाती सॉफ्टवेअर, छपाई, रंगकाम, सफाई, खानपान अशी कितीतरी कामं बाहेरच्या व्यावसायिकांना देतात. त्यात अल्पसंख्याक आणि महिला मालकांनाही वाटा मिळावा म्हणून एमडब्ल्यूबीई (मायनॉरिटी अँड विमेन-ओन्ड बिझनेस एंटरप्राइझ) योजना आहे. प्रमाणपत्र शहराचं स्मॉल बिझनेस सर्व्हिसेस खातं देतं, अर्ज एसबीएस कनेक्ट या पोर्टलवर भरायचा, मुदत पाच वर्षं. शहर यासाठी एक डॉलरही शुल्क घेत नाही. आम्ही आकारतो ते फक्त कागद जुळवून देण्याचे पैसे. अर्ज तुम्ही स्वतःही भरू शकता.

पत्नीच्या नावावर ५१ टक्के करायची घाई नको

मराठी कुटुंबांत सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. प्रमाणपत्र फक्त महिलांना मिळतं असं समजून धंदा चालवणारा पती अर्जाच्या तोंडावर ५१ टक्के हिस्सा पत्नीच्या नावे करतो. याची गरजच नसते. भारतीय वंशाचे लोक शहराच्या अल्पसंख्याक गटांत मोडतात, त्यामुळे पती स्वतःच्या नावावर अर्ज करू शकतो. पत्नी खरोखर धंदा चालवत असेल तर तिने अल्पसंख्याक आणि महिला अशा दोन्ही नात्यांनी अर्ज करावा, तो तिचा हक्कच आहे. मात्र नावापुरतं मालक केलेल्या माणसाला किंमत ठरवणं, माणसं नेमणं, कामाचा दर्जा तपासणं यावर प्रश्न विचारले की उत्तरं देता येत नाहीत आणि अर्ज फेटाळला जातो.

किमान ५१ टक्के मालकी, रोजचा कारभार आणि अंतिम निर्णय हे तिन्ही पात्र मालकाकडे लागतात. तो अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा. एच-१बी किंवा एच-४ व्हिसावरच्या भागीदाराचा हिस्सा या ५१ टक्क्यांत धरत नाहीत.

पत्ता आणि वय

कंपनी किमान एक वर्ष प्रत्यक्ष विक्री करत असावी. नुसती नोंदणी करून ठेवलेलं वर्ष मोजलं जात नाही. शहराच्या पाचही बरोंखेरीज (मॅनहॅटन, ब्रुकलिनसारखे शहराचे विभाग) नासाऊ, सफोक, वेस्टचेस्टर, रॉकलंड, पटनम आणि न्यू जर्सीतल्या बर्गन, हडसन, पसेइक या काउंट्या चालतात. म्हणजे जर्सी सिटी आत, एडिसन बाहेर, कारण एडिसन मिडलसेक्स काउंटीत येतं. तिथल्या कंपनीला शहराशी खरा व्यावसायिक संबंध असल्याचे वेगळे पुरावे द्यावे लागतात. न्यू जर्सीत नोंदलेल्या कंपनीने न्यूयॉर्क राज्यात धंदा करण्याची परवानगीही आधी घेऊन ठेवावी.

कागद एकमेकांशी बोलतात

तपासणारा अधिकारी कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचतो. एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीची कंपनी) ऑपरेटिंग ॲग्रीमेंटमध्ये, म्हणजे सभासदांच्या आपसातल्या करारात, ६०-४० लिहिलंय, पण कर भरताना फॉर्म १०६५ (भागीदारीचं रिटर्न) सोबतच्या के-१ वर, म्हणजे प्रत्येक भागीदाराचा वाटा दाखवणाऱ्या कागदावर, ‘जे’ रकान्यात, नफा-तोटा-भांडवलाचं प्रमाण ५०-५० पडलंय, हे नेहमी दिसतं. दोष बहुधा घाईत भरलेल्या रिटर्नचा असतो, पण वाचणाऱ्याला दिसतात ते दोन वेगळे मालकी हक्क. रिटर्न चुकीचं असेल तर आधी दुरुस्त रिटर्न भरा, मग अर्ज करा.

ऑपरेटिंग ॲग्रीमेंटमधलं एक वाक्य तर स्वतः वाचाच. इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यात ‘सर्व महत्त्वाचे निर्णय सर्व सभासदांच्या एकमताने’ असं बरेचदा असतं. त्याने २० टक्क्यांच्या भागीदारालाही नकाराधिकार मिळतो आणि तुमच्या ८० टक्क्यांना अर्थ उरत नाही. बँकेतही तसंच. चेकवर दोन सह्या लागत असतील आणि दुसरी सही पात्र नसलेल्या भागीदाराची असेल, तर पैशावर ताबा तुमचा नाही. पात्र मालकाच्या एकट्याच्या सहीने व्यवहार होतो, असं बँकेचं पत्र किंवा सिग्नेचर कार्ड हवं.

भांडवल कुठून आलं हेही विचारतात. मालकाच्या खात्यातून कंपनीच्या खात्यात पैसे गेल्याचं बँक स्टेटमेंट किंवा चेकची प्रत काढून ठेवा. दिरा-मेहुण्याच्या कंपनीचीच जागा, गाड्या आणि माणसं वापरत असाल तर भाडेकरार आणि प्रत्यक्ष भाडं दिल्याच्या नोंदी दाखवा, नाहीतर तुमची कंपनी त्यांचीच शाखा वाटते. परवाना लागणाऱ्या कामात परवाना पगारी माणसाच्या नावे असेल तर त्यावरही विचारणा होते.

प्रमाणपत्रानंतर

प्रमाणपत्र म्हणजे कंत्राट नव्हे. तुमचं नाव शहराच्या ऑनलाइन यादीत येतं आणि खरेदी अधिकारी त्या यादीत कामाच्या वर्णनावरून आणि कोडवरून शोधतात. ‘आयटी सेवा’ एवढंच लिहिलं तर शेकडोंत हरवाल. ‘डेटाबेस स्थलांतर, हेल्प डेस्क’ असं नेमकं लिहा. शहराच्या पासपोर्ट या खरेदी पोर्टलवर वेगळी नोंदणी करून तिथले कमॉडिटी कोडही (माल किंवा सेवेचा प्रकार सांगणारे क्रमांक) जपून निवडा, कारण निविदांच्या सूचना त्यांवरूनच येतात.

प्रमाणित उद्योगांना खुल्या स्पर्धेविना थेट काम देण्याची एक पद्धत आहे. २०२३ मध्ये तिची मर्यादा १५ लाख डॉलरपर्यंत वाढली. मोठ्या ठेकेदारांच्या हाताखालची कामंही मिळतात, कारण अनेक कंत्राटांत त्यांच्यावर एमडब्ल्यूबीई सहभागाचं उद्दिष्ट घातलेलं असतं. राज्याचं प्रमाणपत्र मात्र निराळं. ते एम्पायर स्टेट डेव्हलपमेंट देतं आणि त्यासाठी मालकाच्या वैयक्तिक संपत्तीवर दीड कोटी डॉलरची मर्यादा आहे.

पहिल्या भेटीला येताना आणा

तीन वर्षांची कंपनीची आणि वैयक्तिक कर रिटर्न्स (कंपनी नवी असेल तर आजवरची), सर्व के-१, ऑपरेटिंग ॲग्रीमेंट किंवा शेअर सर्टिफिकेट दोन्ही बाजूंनी, नोंदणीचे कागद, पासपोर्ट किंवा जन्मदाखला, ग्रीन कार्ड असल्यास दोन्ही बाजू, भाडेकरार, बँकेचं पत्र, मालकांचे बायोडेटा आणि केलेल्या कामांची तीन बिलं, त्यांचे पैसे जमा झाल्याच्या नोंदीसह. मूळ कागद नको, स्वच्छ स्कॅन पेन ड्राइव्हवर पुरे.