नुसत्या तळमळीवर शिकवता येतं?

‘परदेशातल्या आदिवासी मुलांना शिकवायला अनुभव लागत नाही, तळमळ पुरे,’ हा समज स्वयंसेवेच्या जाहिरातींमधून वर्षानुवर्षं फिरतोय. त्यामागचं गृहीतक असं, की तिथे शिक्षण नाहीच आणि बाहेरून आलेला तरुण ते घेऊन जातो.

न्यूझीलंडचंच बघा. शाळेतल्या इंग्रजीच्या दट्ट्याने तिथल्या माओरी या आदिवासी समाजाची भाषा घरांतून हद्दपार होत चालली होती. तेव्हा माओरींनी १९८२ साली ‘कोहांगा रेओ’ ही बालवाडी सुरू केली. तिथे जुन्या पिढीतली जाणती माणसं लहानग्यांशी माओरीतच बोलतात. गाणी, खेळ, जेवण, सगळं त्याच भाषेत. अशा ठिकाणी इंग्रजी शिकवायला उत्साहाने आलेला १८ वर्षांचा पाहुणा नेमकी कोणती उणीव भरून काढणार?

आपली शिक्षणव्यवस्था आपल्या भाषेत उभारण्याचा आणि चालवण्याचा आदिवासींचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांविषयीच्या २००७ च्या जाहीरनाम्यात, कलम १४ मध्ये आहे. तो बंधनकारक कायदा नाही, हेही खरं. गंमत म्हणजे विरोधात मत देणाऱ्या ४ देशांत न्यूझीलंडही होता. पाठिंबा दिला तो २०१० मध्ये.

मग जाऊच नये का? तसं नाही. दोन आठवड्यांत मुलांना लळा लावून निघून येण्यात फोटो तेवढे छान मिळतात. त्यापेक्षा पैसे भरण्याआधी संस्थेला विचारावं: बोलावणं कोणाचं, काम कोणी ठरवलं, स्थानिक शिक्षकाची जागा तर अडत नाही ना, आणि आपल्या शुल्कातलं गावाला किती मिळतं?